दोन बोटांची फट

येर्को हळू बोलतो. इतकं हळू, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागतं. नवख्याला वाटतं, याचा घसा बसलाय. घसाबिसा काही बसलेला नाही. बावन्न वर्षांचा बाप्या आहे आणि त्यातली पस्तीस वर्षं त्याने दिव्यावरची मासेमारी केली आहे. अंधाऱ्या रात्री पाण्यावर दिवा लावायचा, सार्डिन माशांचा थवा वर येईपर्यंत गप बसायचं, मग जाळं फिरवायचं. त्या गप बसण्यात बोटीवर कुणाच्या हातून चमचा जरी पडला तरी थवा खाली जातो आणि केलेली मेहनत पाण्यात. म्हणून आमच्या बेटावरचे दिवेवाले सगळेच दबक्या आवाजात बोलतात, पण येर्कोची तऱ्हाच वेगळी. लग्नात तो ‘हो’ म्हणाला ते पाद्रीबाबांना ऐकूच गेलं नाही, दोनदा विचारावं लागलं. पुढे बायको त्याला सोडून समुद्रापलीकडे स्प्लिट शहरात निघून गेली, तेव्हा कॉफीच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून म्हातारा बेपो म्हणाला, “जाऊ नकोस, असं हा म्हणाला असेल रे बिचारा. तिला ऐकूच आलं नसेल!”

येर्को माझा धाकटा दीर. जन्मात तो एकदाच मोठ्याने ओरडला आणि त्या एका ओरडण्याने माझा नवरा संपला. म्हणून त्याच्याबद्दल सांगायचं तर मला तिथूनच सांगावं लागतं. गोड बोलून सांगता येणार नाही, ते माझ्या स्वभावातच नाही.

माझा नवरा फाब्यान वेल्डर होता. या किनाऱ्यावर इंधनाच्या टाक्या त्याच्याइतक्या चांगल्या कुणी केल्या नाहीत, हे मी बायको म्हणून म्हणत नाही, तेव्हा सगळेच म्हणायचे. पत्र्याची कड तो आधी वाकवून वर घ्यायचा आणि मग जोडायचा. त्यामुळे शिवण कधी तळाला यायची नाही, तळापासून दोन बोटं वर असायची. आणि टाकी बसवताना खाली लाकडाच्या पट्ट्या टाकून तळ उचललेला ठेवायचा. ज्याची बोट त्याचा हात धरून स्वतः त्या फटीत घालायला लावायचा आणि म्हणायचा, “दोन बोटं जातात ना? ही फट बुजवू नकोस. टाकीला खालून हवा लागली पाहिजे.” पोरगी सासरी पाठवताना आई सांगते ना, तसा जीव तोडून सांगायचा.

एकोणीस वर्षांपूर्वी त्याने भावाच्या बोटीसाठी दोन टाक्या केल्या, इंजिनाच्या डावीकडे एक, उजवीकडे एक. बोटीचं नाव ‘लुत्सिया’, माझ्या सासूचं. सासूबाई तेव्हा जिवंत होत्या. त्यांनी हातमागावर दोन घोंगड्या विणल्या होत्या, करड्या लोकरीच्या, कडेला लाल पट्टा. एक आमच्या घरी दिली, एक येर्कोच्या. आमची अजून माझ्या पलंगावर आहे.

आठ वर्षं टाक्या चालल्या आणि मग गळायला लागल्या. आम्हा मच्छीमारांना स्वस्तातलं डिझेल मिळतं, त्यात निळा रंग घातलेला असतो. त्या सकाळी येर्कोने बोटीच्या तळातलं पाणी पंपाने बाहेर टाकलं आणि अख्खं बंदर निळं झालं. बंदरावरच्या साहेबाने त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतला, बोट दोन महिने बांधून ठेवायला लावली. आणि त्याच रविवारी, चर्चमधली मिस्सा सुटून लोक कॉफीला जमले असताना, हा माझा मुका दीर बेपोच्या बाकापाशी उभा राहिला आणि ओरडला. “दादा, तुझा हात थरथरतो! दारू सोड, नाहीतर वेल्डिंग सोड! स्वतःच्या भावाला फुटक्या टाक्या दिल्यास!”

उचलली जीभ लावली टाळ्याला. फाब्यान दारू प्यायचा का? प्यायचा. जेवताना पाणी घातलेली वाइन, दोन पेले, या बेटावरचे पाद्रीबाबाही तेवढी पितात. पण जो माणूस कधीच ओरडत नाही तो ओरडला की लोकांना ते खरंच वाटतं. मी ओरडले असते तर कुणी मान वर करून पाहिलं नसतं.

फाब्यानने कप खाली ठेवला, घरी आला आणि वेल्डिंगचा मुखवटा खिळ्याला टांगला. मला एवढंच म्हणाला, “पेरिना, माझी शिवण फुटणार नाही. दुसरं काहीतरी आहे.” मी म्हटलं, “मग जा की, बोटीत उतरून दाखव त्याला!” तर म्हणाला, “त्याने बोलावल्याशिवाय मी त्याच्या बोटीवर पाय ठेवणार नाही.” याने बोलावलं नाही, त्याने पाय ठेवला नाही. दोघं एका आईचे, हट्टाला सारखेच. येर्कोने टाक्यांना आतून राळेची ठिगळं लावून काम चालवलं. फाब्यानकडे येणारी कामं आधी कमी झाली, मग थांबलीच. तो माझ्या वडिलांच्या उतरणीवर, म्हणजे जिथे बोटी रुळांवरून पाण्याबाहेर ओढतात तिथे, ओढायचं यंत्र, विंच, चालवायला लागला. हात थरथरायला लागला तो त्यानंतर. चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत विंचपाशीच बसल्या बसल्या गेला.

तेव्हापासून विंच मी चालवते. लोक म्हणतात, पेरिनाने स्वतःला सावरलं. सावरलं कसलं डोंबल! मला काही वाटायचंच बंद झालं. रडू नाही, राग नाही. भाजी रांधायची, उभ्या उभ्या चार घास खायचे, कशाला चव नाही. मीठ घातलं की नाही हे डब्याकडे बघून ठरवायचं. सकाळी उठून विंचला तेल द्यायचं आणि संध्याकाळी कुलूप लावायचं, झाला दिवस.

गेल्या जानेवारीत येर्को उतरणीवर आला. अकरा वर्षं आम्ही एकमेकांच्या घरी गेलो नव्हतो, मातीच्या दिवशी तेवढा तो सगळ्यांच्या मागे उभा होता. टोपी हातात धरून तो काहीतरी पुटपुटला.

“मोठ्याने बोल,” मी म्हटलं. “इथे सार्डिन नाहीत.”

“वहिनी, टाक्या गेल्या. ठिगळ धरत नाही आता. बदलायच्यात.”

बेटावर उतरण एकच, माझी. दुसरी समुद्रापलीकडे, आणि गळकी बोट घेऊन तिथवर जायला बंदराचा साहेब परवानगी देणार नव्हता. म्हणजे हा माझ्या हातात होता. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. पण एक गोष्ट मात्र मनात लख्ख होती. जुन्या टाक्या काढताना लोक त्या आतल्या आतच कापतात आणि तुकडे बाहेर फेकतात, ते सोपं पडतं. तुकडे झाले की शिवण फुटली होती की नाही हे कुणालाच कधी कळणार नाही. फाब्यानच्या नावाचा शेवटचा साक्षीदार त्या टाक्याच होत्या.

“एका अटीवर,” मी म्हटलं. “टाक्या अख्ख्या बाहेर काढायच्या. कापायच्या नाहीत. आणि इथे, सगळ्यांसमोर त्यात पाणी भरायचं. शिवण गळली तर मी तुझी माफी मागेन, त्याच बाकापाशी. नाही गळली तर तू काय करायचं ते तुला माहीत आहे.”

अख्ख्या काढायच्या म्हणजे वरची फळी न् फळी उचलायची, आडवे वासे कापायचे, महिन्याभराचं जास्तीचं काम. मला वाटलं, घासाघीस करील. तो टोपी फिरवत राहिला आणि म्हणाला, “बरं.” एवढंच.

स्प्लिटहून तोन्ची नावाचा वेल्डर आला. चाळिशीचा, बडबड्या, कामाला चोख. ‘लुत्सिया’ रुळांवरून वर ओढून घेतली तेव्हाच तो नाक धरून म्हणाला, “मावशी, ही बोट आहे की पेट्रोलपंप?” उरलेलं डिझेल पिंपांत काढलं, टाक्या दोनदा साबणाच्या पाण्याने धुतल्या. ठिणगी नको म्हणून लाकूड सगळं हातकरवतीने कापायचं होतं. येर्कोने एकेका फळीवर खडूने आकडा घातला, उचलली, ओळीने मांडली. सतरा दिवस तो असं करत होता. वारा उत्तरेचा, अंगावरची कातडी सोलून काढील असा, आणि हा सदऱ्यावर. थंडी वाजते का विचारलं तर म्हणाला, “कळत नाही.” मी मनात म्हटलं, बरं झालं, आपल्यासारखं आणखी कुणीतरी आहे.

दुपारी तिघं विंचघरात जेवायला बसायचो. म्हणजे ते दोघं बसायचे, मी उभी. डिझेलचा वास पावात शिरला होता. तोन्ची तक्रार करायचा आणि चारचार तुकडे हाणायचा. एकदा तो म्हणाला, “येर्कोदादा, तुम्ही दोघं एका घरातले ना? मग शब्द मोजून का बोलता?” येर्को म्हणाला, “मी आधी मोजले नव्हते.” तोन्चीला काही कळलं नाही. मला कळलं, पण मी भांडी आवरायला घेतली.

अठराव्या दिवशी साखळीच्या कप्पीने पहिली टाकी वर घेतली. बघायला गर्दी. बेपो तर घरून खुर्चीच घेऊन आला होता. टाकी हळूहळू वर आली आणि तिच्या तळाला काहीतरी चिकटलेलं लोंबत होतं. काळं, ओलं, निळसर पाणी गळत होतं त्यातून. तोन्ची म्हणाला, “हे काय? कुत्रं मेलंय का खाली?” त्याने काठीने ते ओढलं. ते जमिनीवर पडलं आणि एक कड उलटली. कडेला लाल पट्टा होता.

मला ओळखायला वेळ लागला नाही. रोज तिच्या जोडीची पांघरते.

दुसऱ्या टाकीखालून दुसरा अर्धा तुकडा निघाला. सासूबाईंची घोंगडी, मधोमध कापलेली.

मग मी म्हटल्याप्रमाणे टाकीत पाणी भरलं. भरण्याआधी तोन्चीने सगळ्या शिवणींवर खडू चोळला, गळली तर तिथला खडू ओला होऊन काळा पडतो. पाणी काठोकाठ आलं. टाकीच्या तळातून पन्नास ठिकाणी धारा लागल्या, पत्रा चाळणीसारखा झाला होता, लोकर जिथे जिथे टेकली होती तिथे तिथे. शिवणींवरचा खडू पांढरा तो पांढराच. तोन्ची एका शिवणीवरून बोट फिरवत म्हणाला, “कुणाचं काम हे? अजून एकोणीस वर्षं चालली असती हो. खाली लोकर ठेवणारा कोण गाढव? खारं पाणी धरून ठेवते ती, लोखंड खाऊन टाकते.”

सगळे येर्कोकडे बघायला लागले. बेपोसुद्धा गप्प. बेपो गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

येर्को खाली बसला आणि त्याने दोन तुकडे एकमेकांना लावून पाहिले. मग बोलायला लागला, नेहमीसारखंच, सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. “टाकी वाजायची. अर्धी रिकामी झाली की लाटेबरोबर तळाचा पत्रा आतबाहेर व्हायचा, पट्ट्यांवर आपटायचा. धाड, धाड. थवा वर आला की नेमकी वाजायची. पहिल्या वर्षी तीन वेळा मासा गेला. मग मी खाली मऊ काहीतरी घातलं.”

“त्याने तुझा हात धरून त्या फटीत घातला होता,” मी म्हटलं. “बुजवू नकोस म्हणाला होता.”

“हो.”

“आणि ओरडलास तेव्हा?”

“तेव्हा विसरलो होतो गं. देवाशपथ विसरलो होतो. सात वर्षं झाली होती घालून.”

“मग आठवलं कधी?”

त्याने लाल पट्ट्याची कड सरळ केली. “दादाच्या मातीला,” म्हणाला. “कबरीपर्यंत तू त्याच्या शवपेटीवर घोंगडी घातली होतीस. ती बघितली आणि आठवलं.”

चार वर्षं. चार वर्षं हा माणूस मनात हे घेऊन गप होता. आणि माझी अट ऐकून ‘बरं’ म्हणाला होता, खाली काय निघणार हे माहीत असून. आतल्या आत टाक्या कापून गुपचूप पुरावा समुद्रात फेकता आला असता त्याला, त्याने ते केलं नाही. आता त्याला शिव्या घालाव्यात की काय करावं हे मला कळेना. अकरा वर्षं मी या दिवसाची वाट पाहिली होती, कल्पनेत किती वेळा त्याच्या थोबाडीत मारली होती. प्रत्यक्षात हात उचलावासाच वाटला नाही. आत सगळं बधिर. मी विंचघरात गेले आणि विंचला तेल दिलं. सकाळीच दिलं होतं.

रविवारी मिस्सा सुटल्यावर येर्को बाकापाशी जाऊन उभा राहिला. लोक थांबले. त्याने तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण आवाज फुटेना. “दादाची शिवण...” एवढं आलं, तेही त्याच्या नेहमीच्या आवाजात. पुढच्या दोघांना ऐकू गेलं, मागच्यांना नाही. मागून कुणीतरी “काय? काय म्हणाला?” असं विचारत होतं. तो पुन्हा प्रयत्न करत होता, कपाळावर घाम आला होता. मला बघवेना. मी घरी निघून आले. आरोप करताना याचा आवाज कुठून आला होता, आणि माफीच्या वेळी कुठे गेला? जळलं मेलं ते नशीब, असंच वाटलं, आणि तेही धड वाटलं नाही.

मार्चमध्ये तोन्चीने नव्या टाक्या आणल्या. आत डिझेल हेलकावू नये म्हणून आडवे पडदे, कड वाकवून शिवण वर घेतलेली. जुन्या बघूनच त्याने तशा केल्या होत्या, ते तो स्वतः कबूल करत होता. बसवताना तो म्हणाला, “येर्कोदादा, वाजू नये म्हणून खाली रबराच्या पट्ट्या टाकतो. चांगलं जाड रबर असतं आता, पाणी धरत नाही.” येर्को म्हणाला, “नको.” तोन्ची म्हणाला, “अहो, सगळे टाकतात!” येर्को म्हणाला, “लाकूडच टाक. आणि दोन बोटं फट ठेव.” फळ्या आकड्यांप्रमाणे परत बसल्या, मी विंच सैल सोडला आणि ‘लुत्सिया’ पाण्यात गेली.

आणि टाक्या वाजायला लागल्या. संध्याकाळी दिवेवाल्या बोटी एकामागून एक बंदराबाहेर पडतात, त्यांत एक धाड, धाड करत जायची. अख्ख्या गावाला ऐकू यायचं. सार्डिनला ऐकू जात नसेल तर नवल. दुसऱ्यांच्या माशांच्या पेट्या भरून यायच्या, हा चार पेट्या घेऊन यायचा. लोकांनी त्याला छळायला सुरुवात केली. “काय येर्को, बोटीवर लोहार ठेवलायस का?” बेपो म्हणायचा, “अरे, तुझ्या आवाजाची कसर भरून काढतोय काय?” आणि प्रत्येक जण शेवटी तेच विचारायचा, “खाली काहीतरी घाल की बाबा, मासा पळतोय तुझा.” येर्को प्रत्येकाजवळ जायचा, अगदी कानाशी, आणि सांगायचा, “दादा म्हणाला होता घालू नकोस. मी घातलं, म्हणून टाक्या गेल्या. शिवण त्याची पक्की होती.” असं तो मार्च ते जून रोज सांगत होता. पाद्रीबाबांना सांगितलं, बंदराच्या साहेबाला सांगितलं, फेरीबोटीवरच्या तिकीटवाल्यालाही. जूनपर्यंत या बेटावर ऐकलं नाही असं कुणी राहिलं नाही. बाकापाशी ओरडून त्याने जे केलं होतं ते एका दिवसात केलं होतं, हे निस्तरायला चार महिने लागले.

मी रोज संध्याकाळी कुलूप लावताना तो आवाज ऐकायची. ऐकायची आणि घरी जायची, बस.

मग जूनच्या शेवटी एका संध्याकाळी ‘लुत्सिया’ धक्क्यावर इंजिन सुरू करून उभी राहिली, लाटा बऱ्यापैकी होत्या आणि आवाज नाही. मी थांबले. अजून थोडा वेळ थांबले. नाहीच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार वर्षांत पहिल्यांदा मला राग आला. घातलंच शेवटी मेल्याने खाली काहीतरी! मी किल्ल्या हातातच घेऊन धक्क्यावर धावत गेले आणि न विचारता बोटीवर चढले. अकरा वर्षांत आमच्या घरातलं कुणी त्या बोटीवर चढलं नव्हतं.

“वहिनी?” येर्को म्हणाला.

मी त्याला बाजूला सारलं. खाली इंजिनाच्या खोलीत उतरले, गुडघ्यावर बसले आणि टाकीखाली हात घातला. दोन बोटं आत गेली. आणखी आत घातली, पार मनगटापर्यंत. तिथे काही नव्हतं. कोरडं लाकूड, गार पत्रा आणि त्यांच्यामधून येणारी थोडी हवा. पलीकडच्या टाकीखालीही तसंच.

येर्को शिडीपाशी उभा होता. “आज भरून घेतल्यात,” तो म्हणाला. “काठोकाठ भरली की वाजत नाही. उद्या वाजेल.”

मला उठवेना. तिथेच इंजिनाला टेकून बसले. तो वर गेला आणि ताट घेऊन आला. पाव, तेल, खारवलेली सार्डिन, त्याने स्वतः पिंपात घातलेली. मी बसून खाल्लं. दोन घास झाले आणि मी थांबले.

“मीठ जास्त झालंय,” मी म्हटलं.

येर्को पायरीवर बसला. “दादा पण हेच म्हणायचा,” तो म्हणाला, आणि ते मला पुढे न वाकता ऐकू आलं.